बल्कहेड आणि फ्रेम : शिडाच्या जहाजाच्या लाकडी प्रतिकृतीचे दोन सांगाडे

शिडाच्या जहाजाची लाकडी प्रतिकृती बांधू पाहणाऱ्याला सुरुवातीलाच दोन नावे भेटतात : ‘प्लँक ऑन बल्कहेड’ आणि ‘प्लँक ऑन फ्रेम’. दोन्हींत तळाशी एक लांब कणा असतो, त्या कण्यावर ओळीने आडवे अवयव उभे केलेले असतात आणि त्यांवर पातळ लाकडी पट्ट्या बसवून जहाजाचे अंग, म्हणजे हल, तयार होते. अर्धवट झालेल्या कामाची छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवली तर दोन्हींत माशाच्या काट्यासारखा सांगाडाच दिसतो. त्यामुळे पहिली पद्धत ही दुसरीचीच सोपी आवृत्ती आहे आणि आडव्या अवयवांची संख्या वाढवली की पहिलीची दुसरी होते, असा समज सहज होतो. हा समज चुकीचा आहे, आणि चार-पाच जण मिळून एखादे जहाज बांधायला घेतात तेव्हा तो फार त्रासदायक ठरतो, कारण कामाची वाटणी कशी होऊ शकते हे या दोन सांगाड्यांत पूर्णपणे वेगवेगळ्या रीतीने ठरते.

फरक आहे तो आडव्या अवयवाला दिलेल्या कामात. बल्कहेड पद्धतीत कणा म्हणजे जहाज लांबीत मधोमध चिरल्यावर दिसेल त्या आकाराची प्लायवुडची एक अखंड पाटी असते. तिच्यात ठरावीक अंतरावर खाचा असतात आणि प्रत्येक खाचेत जहाजाच्या त्या जागच्या आडव्या छेदाच्या आकाराची भरीव पाटी बसते, हीच बल्कहेड. मध्यम आकाराच्या किटमध्ये अशा पाट्या बहुधा १० ते २० असतात. फळ्यांना योग्य वळण देण्यापुरतीच त्यांची गरज असते, म्हणून त्यांची फक्त बाहेरची कड अचूक असावी लागते. डेक बसला की त्या कायमच्या झाकल्या जातात, त्यामुळे आतून त्या कशा दिसतात याचा विचार करावा लागत नाही.

या पाटीला बल्कहेड म्हणणे हेही गोंधळाचे एक कारण आहे. खऱ्या जहाजात बल्कहेड म्हणजे आतली आडभिंत. लाकडी युद्धनौकांवर लढाईची तयारी करताना तोफांना मोकळी जागा मिळावी म्हणून तोफांच्या डेकवरच्या अनेक आडभिंती काढून ठेवत किंवा वर उचलून छताला अडकवत, आणि त्यामुळे जहाजाच्या आकारात काहीही फरक पडत नसे. प्रतिकृतीतील बल्कहेडवर मात्र सगळा आकारच अवलंबून असतो. म्हणजे प्रत्यक्ष जहाजात या पाटीला समांतर असा अवयवच नाही. ती प्रतिकृतिकारांनी आपल्या सोयीसाठी घडवलेली वस्तू आहे.

फ्रेम मात्र खऱ्या जहाजात होती. ती जहाजाची फासळी आहे आणि ती आतून मोकळी असते. कीलवर, म्हणजे जहाजाच्या तळाच्या कण्यावर, आडवा बसणारा तुकडा, म्हणजे फ्लोर, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकापुढे एक जोडत वर नेलेले वाकदार तुकडे, ज्यांना फटॉक म्हणतात, यांतून ती घडते. कीलपासून वरच्या कठड्यापर्यंत जाणारे असे वळणदार लाकूड एकसंध मिळत नसे, म्हणून फासळी तुकड्यांची करावी लागे; आणि सांधे कमकुवत राहू नयेत म्हणून तुकड्यांचे दोन थर पाठीला पाठ लावून असे जोडत की एका थरातील सांधा दुसऱ्या थरातील तुकड्याच्या साधारण मध्यावर यावा. नाळेजवळ, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी, आणि पिछाडीला हल झपाट्याने निमुळते होते. तिथे फासळ्या कीलशी काटकोनात ठेवल्या तर फळ्या नीट टेकाव्यात म्हणून त्यांच्या कडा इतक्या तासाव्या लागतील की लाकडात ताकदच उरणार नाही. म्हणून त्या भागात फासळ्या तिरक्या वळवलेल्या असतात. प्रतिकृतीचे छायाचित्र पाहून तिची जात ओळखायची असेल तर माझी नजर आधी नाळेकडे जाते. शेवटचा आडवा अवयव काटकोनात असेल आणि त्याच्या पुढे लाकडाचे ठोकळे तासून बसवलेले असतील, तर तो बल्कहेडचा सांगाडा. अवयव हळूहळू पंख्यासारखे तिरके होत गेले असतील, तर त्या फ्रेम.

मोठ्या युद्धनौकांत फासळ्या इतक्या दाट असत की दोन फासळ्यांमधली फट अनेकदा लाकडाच्या जाडीपेक्षाही कमी असे. हे रूप आपल्यापर्यंत पोहोचवण्याचे मोठे श्रेय इंग्लंडमध्ये १७व्या शतकाच्या उत्तरार्धापासून बनत गेलेल्या ‘नेव्ही बोर्ड मॉडेल’ना आहे. त्यांतील बहुतेक १:४८ या प्रमाणात, म्हणजे एका फुटाला पाव इंच या हिशेबाने बांधलेली आहेत आणि हलचा खालचा भाग फळ्यांविना मोकळा ठेवलेला असल्यामुळे फासळ्यांची रांग स्पष्ट दिसते. ग्रीनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियममध्ये आणि अ‍ॅनापोलिसच्या अमेरिकी नौदल अकादमीच्या संग्रहालयात असे नमुने जपलेले आहेत. इतक्या जुन्या लाकडाचा तो तांबूस पिवळा रंग आणि फासळ्यांची ती लय पाहिली की या छंदात माणसे वर्षानुवर्षे का रमतात हे वेगळे सांगावे लागत नाही. मात्र त्या कारागिरांनीही फासळ्यांची मांडणी सुबक दिसावी अशा ठरावीक नक्षीने केली होती आणि प्रत्यक्ष गोदीतील रचना त्याहून निराळी असे. त्यामुळे फासळ्या उघड्या दिसतात एवढ्यावरून ती मांडणी खऱ्या जहाजाबरहुकूम आहे असे मानता येत नाही.

प्रत्यक्ष कामात हा फरक हाताला जाणवतो. बल्कहेडच्या सांगाड्यात पाट्या विरळ असल्यामुळे दोन पाट्यांच्या मधे फळी आत दबण्याचा धोका असतो, म्हणून सहसा फळ्यांचे दोन थर देतात. पहिला थर लाइमसारख्या मऊ लाकडाचा असतो. तो घासून, खड्डे भरून, पुन्हा घासून गुळगुळीत केला की त्यावर अक्रोडासारख्या चांगल्या लाकडाचा पातळ दुसरा थर चढतो. पहिल्या थरातील बऱ्याच चुका त्याखाली लपतात, आणि नवख्या माणसाला हा फार मोठा आधार असतो. फ्रेमच्या सांगाड्याला आधार दाट असल्यामुळे एकच थर पुरतो. तिथे कष्ट फळ्यांच्या आधीच होऊन जातात : प्रत्येक फासळी आराखड्यावरून कापायची, तिचे तुकडे जोडायचे, बाहेरची कड तासायची आणि आतली बाजू दिसणार असल्यामुळे तीही तितक्याच काळजीने घासायची. पेअर किंवा बॉक्सवुड यांसारखी बारीक पोताची लाकडे इथे लागतात, कारण ठळक रेषांचे लाकूड या लहान प्रमाणात ओबडधोबड दिसते. फासळ्या सरळ रेषेत राहाव्यात म्हणून अमेरिकन प्रतिकृतिकार हॅरल्ड हान यांच्या नावाने ओळखली जाणारी एक रीत वापरतात : फासळ्यांची वरची टोके मुद्दाम लांब ठेवून सगळा सांगाडा एका फळीवर उलटा बांधायचा आणि शेवटी ती वाढीव टोके कापून टाकायची.

आता मिळून काम करण्याचा मुद्दा. अनेकांना वाटते की बल्कहेड सोपी, म्हणून गटाने एकच जहाज बांधायचे तर तीच घ्यावी. माझे मत नेमके उलटे आहे. बल्कहेडच्या सांगाड्यात सर्व पाट्यांच्या कडा एकाच सलग वळणात तासाव्या लागतात. एक लवचीक पट्टी नाळेपासून पिछाडीपर्यंत टेकवून, कुठे उंचवटा आहे, कुठे फट आहे हे पाहत पाहत हे काम होते, आणि ते एकाच नजरेने व्हावे लागते. फळ्याही डाव्या-उजव्या बाजूला आळीपाळीने बसवाव्या लागतात, नाहीतर एका बाजूच्या ताणाने कणा पिळतो. इथे फार तर दोघे जण समोरासमोर बसू शकतात. म्हणून बल्कहेडसाठी प्रत्येकाने एकाच जहाजाचे स्वतःचे किट घ्यावे, सर्वांनी एकाच टप्प्यावर काम ठेवावे आणि दर भेटीत आपापले हल शेजारी ठेवून तपासावेत, ही रीत मला योग्य वाटते.

फ्रेमचे काम याउलट सुटे सुटे आहे. एकाच आराखड्यावरून पाच जण पाच ठिकाणी दहा-दहा फासळ्या करू शकतात. त्यासाठी एक अट कडकपणे पाळावी लागते : सर्वांचे लाकूड एकाच वेळी, एकाच यंत्रावर, एकाच जाडीचे केलेले असले पाहिजे. समजा, मधे ठोकळे ठेवून ओळीने उभ्या केलेल्या ४० फासळ्यांपैकी प्रत्येक फासळी ठरलेल्या जाडीपेक्षा ०.१ मिलिमीटरने जास्त जाड निघाली आणि प्रत्येकीची जागा कीलवर स्वतंत्रपणे मोजली नाही, तर शेवटची फासळी आपल्या जागेपासून ४ मिलिमीटर सरकते. १:४८ या प्रमाणात ही चूक खऱ्या जहाजावरच्या सुमारे १९ सेंटिमीटरएवढी होते, आणि तोफांच्या खिडक्या फासळ्यांच्या मधे नेमक्या बसेनाशा होतात. फासळ्या जुळवण्याचे काम मात्र इथेही एकाकडेच सोपवलेले बरे.

आकाराचाही हिशेब आधी करावा. १७६५ मध्ये जलावतरण झालेल्या ‘व्हिक्टरी’ या जहाजाचा तोफांचा मुख्य डेक १८६ फूट लांब आहे. १:४८ मध्ये तेवढाच भाग सुमारे ११८ सेंटिमीटर होतो आणि १:९६ मध्ये ५९. एवढ्या जहाजाच्या सगळ्या फासळ्या करण्यापेक्षा नव्या गटाने जहाजाच्या मध्यभागाचा फक्त एक छेद, म्हणजे मोजक्या फासळ्यांचा तुकडा, करून पाहावा. त्यात तिरक्या फासळ्या येत नाहीत आणि सांधे, खुंट्या, डेकच्या तुळया यांचा सराव मात्र पूर्ण होतो.

फ्रेम पद्धत श्रेष्ठ आणि बल्कहेड दुय्यम, असे काही जण मानतात. ते मला पटत नाही. हल वरपासून खालपर्यंत फळ्यांनी झाकायचे असेल, तळाला तांब्याचे पत्रे लावायचे असतील आणि वर रंग द्यायचा असेल, तर आतला सांगाडा कोणाला दिसणारच नाही. असे काम पूर्ण झाल्यावर उघड्या हॅचमधून, म्हणजे डेकमधल्या उतरायच्या तोंडातून, आत डोकावून प्लायवुडची कड दिसते का हे पाहिल्याशिवाय जाणकारालाही दोन्हींतला भेद सांगता येत नाही.