नौदलाच्या पैशातून उभी राहिलेली दात्यांची यादी

अमेरिकेचा अस्थिमज्जा (हाडांतला रक्त तयार करणारा गाभा) आणि नाळेच्या रक्ताच्या प्रत्यारोपणाचा सरकारी कार्यक्रम सी. डब्ल्यू. बिल यंग यांच्या नावाने चालतो. फ्लोरिडाचे हे खासदार डॉक्टर नव्हते. संरक्षण खर्च ठरवणाऱ्या समितीत मात्र त्यांचे वजन होते, आणि तेच कामी आले.

सख्ख्या भावंडाची मज्जा जुळण्याची शक्यता चारात एक. त्यामुळे बहुतेकांना घरात दाता मिळत नाही. अनोळखी दात्यांची देशव्यापी नोंदणी हवी, असा लकडा रुग्णांच्या कुटुंबीयांनी लावला. १९८४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने फक्त तिची शक्यता तपासायला सांगितले, आणि आरोग्य यंत्रणा पुढे यायला फारशी राजी नव्हती. यंग यांनी मग नौदलाच्या तरतुदीतच पैसे घातले. अणुदुर्घटनेत किरणोत्सर्गाने सैनिकांची मज्जा नष्ट होऊ शकते, हे त्यामागचे कारण. युक्ती होती, पण कारण खोटे नव्हते. १९८६मध्ये नौदलाने करार केला, पुढच्या वर्षी मिनेसोटातल्या सेंट पॉलमधून नोंदणी सुरू झाली. तिला स्वतःचा कायदेशीर आधार मिळायला १९९० उजाडले.

दरम्यान १९८८मध्ये पॅरिसला डॉक्टर एलियान ग्लुकमन यांनी मज्जा निकामी करणारा फॅन्कोनी अ‍ॅनिमिया झालेल्या मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेचे रक्त दिले आणि ते यशस्वी झाले. या रक्तातल्या मूळ पेशींना जुळणी तंतोतंत लागत नाही. दातायादीत ज्यांच्याशी जुळणारे कमी सापडतात, त्या कृष्णवर्णीय आणि मिश्र वंशाच्या रुग्णांसाठी ही मोठी गोष्ट होती.

तरीही नाळेच्या रक्ताच्या कायद्याला वेग आला तो संशोधनासाठी भ्रूण नष्ट करून भ्रूणपेशी घ्याव्यात का या वादामुळे, असे माझे मत. २४ मे २००५ रोजी प्रतिनिधिगृहात दोन विधेयके मतदानाला आली. भ्रूणपेशी संशोधनाचे २३८ विरुद्ध १९४ने मंजूर झाले. न्यू जर्सीच्या ख्रिस स्मिथ यांचे नाळेच्या रक्ताचे ४३१ विरुद्ध १ने. भ्रूणपेशींना विरोध करणाऱ्यांनाही ‘आम्ही संशोधनाच्या विरोधात नाही’ म्हणायला हे विधेयक सोयीचे होते. राष्ट्राध्यक्ष बुश यांनी २० डिसेंबरला त्यावर सही केली आणि भ्रूणपेशींच्या विधेयकावर २००६च्या जुलैत नकाराधिकार वापरला.

नव्या कायद्याने दोन्ही धागे एकत्र आणले: मज्जादात्यांच्या नोंदणीला यंग यांचे नाव दिले आणि नाळेच्या रक्ताच्या दीड लाख नव्या पिशव्यांचा राष्ट्रीय साठा करण्याचे उद्दिष्ट ठेवले. २०१०, २०१५ आणि २०२१मध्ये त्याला मुदतवाढ मिळाली. मुदतवाढ म्हणजे पैसे नव्हेत. ती खर्चाची परवानगी. प्रत्यक्ष रक्कम काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, दरवर्षी वेगळी मंजूर करावी लागते.