४४ स्पेशल आणि ४४ मॅग्नम: गोळी तीच, मग हरणाला एकच का?

अमेरिकेत रायफल घरी ठेवून मुद्दाम रिव्हॉल्व्हर घेऊन हरणाच्या शिकारीला जाणारे बरेच लोक आहेत, आणि त्यात नवीन पडलेला माणूस या दोन काडतुसांत हमखास अडकतो. दोन्ही ४४, दोन्हीची गोळी ०.४२९ इंचाची (४४ हे नुसतं नावाला, मापात नाहीच), वजनही साधारण २४० ग्रेनच्या आसपास, म्हणजे साडेपंधरा ग्रॅम, आणि वर मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये स्पेशल मस्त बसतं आणि उडतंही. मग वाटणारच ना की धक्का कमी बसतो तर स्पेशलच घेऊन जाऊ, हरणाला काय कळतंय.

(आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली हरणाची शिकार हा सरळ गुन्हा आहे, त्यामुळे पुढचं सगळं तिकडचं, लायसन्स आणि टॅग (त्या हरणाचा परवाना) काढून सीझनमध्ये जाणाऱ्यांचं.)

दिसायला फरक फक्त पुंगळीचा, म्हणजे गोळी आणि दारू धरणाऱ्या पितळी कवचाचा. मॅग्नमची पुंगळी इंचाच्या आठव्या भागाने लांब, म्हणजे जेमतेम ३ मिलिमीटर. आता कोणालाही वाटेल की जास्त दारू मावावी म्हणून ती लांब केली, पण खरं कारण वेगळंच आहे. स्पेशल आलं १९०७ मध्ये, त्या काळच्या रिव्हॉल्व्हरना झेपेल असं, आणि आजही त्याची प्रेशरची मर्यादा १५,५०० पीएसआयच (चौरस इंचावर इतके पाउंड दाब) आहे. आयडाहोतला रँचवाला आणि बंदुकांवर लिहिणारा एल्मर कीथ मात्र त्याच पुंगळीत स्वतः जादा दारू भरून मोठी जनावरं मारायचा आणि कंपन्यांच्या मागे लागायचा की असं काडतूस तुम्हीच काढा. शेवटी रेमिंग्टन आणि स्मिथ अँड वेसनने १९५५ च्या शेवटी मॅग्नम आणलं, मर्यादा ३६,००० पीएसआय, दुपटीहून जास्त! असलं काडतूस कोणी चुकून जुन्या स्पेशलच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घातलं तर सिलिंडर (काडतुसं भरतात तो फिरता भाग) फुटून हात जायचा, म्हणून ते त्यात बसूच नये एवढी पुंगळी लांब केली. त्यामुळे स्पेशल मॅग्नमच्या बंदुकीत चालतं, उलटं कधीच नाही.

आता हरणाचं बघू. फॅक्टरीचं जुनं साधं स्पेशल, २४६ ग्रेनची शिशाची गोळी, नळीच्या तोंडाशी सेकंदाला साधारण ७५५ फूट जाते आणि तिची ताकद भरते ३१० फूट-पाउंड. मॅग्नमची २४० ग्रेनची गोळी ११८० फुटांनी निघते, ताकद ७४० च्या वर, आणि ५० यार्डांवर पोचली तरी सव्वासहाशेच्या घरात असते. म्हणजे ५० यार्ड चालून दमलेलं मॅग्नमसुद्धा ताज्या स्पेशलच्या दुप्पट. आणि हँडगनची (रिव्हॉल्व्हर, पिस्तुलाची) गोळी रायफलसारखी आत धुमाकूळ घालत नाही, ती फुप्फुस किंवा हृदयातून आरपार भोक पाडते तेव्हाच हरण पडतं, त्यामुळे बरगडीला लागूनही पुढे जायला जोर लागतोच. साध्या गोल टोकाच्या शिशाच्या गोळीने भोकही बारीक पडतं, मग जखमी हरण मैलभर झाडीत पळतं आणि तुम्ही टॉर्च घेऊन रक्त शोधत बसता, माझ्या मते हे शिकारीतलं सगळ्यात वाईट काम.

कायदाही राज्याराज्यात वेगळा, आणि इथे गंमत आहे. कोलोरॅडोत हँडगनला ५० यार्डांवर ५५० फूट-पाउंड हवेत, म्हणजे असलं स्पेशल दारातच बाद. ओहायोत बघतात ती नळी, किमान ५ इंच, आणि काडतूस सरळ भिंतीचं (तोंडाशी निमुळतं नसलेलं), ०.३५७ इंच किंवा त्याहून मोठं, मग कागदावर स्पेशलही पास होतं. पण कायद्यात बसतं म्हणून ते हरणाला पुरतं असं नाही ना! आता कोणी म्हणेल अमका तर घरी भरलेल्या स्पेशलने दरवर्षी हरण मारतो. मारत असेल, पण तो मजबूत रिव्हॉल्व्हरमध्ये कीथच्या वळणाचं जड, चपट्या टोकाच्या गोळीचं काडतूस भरतो, २५ यार्डांवर येईपर्यंत थांबतो आणि तिरकं उभं असलेलं हरण सोडून देतो. डब्यातल्या स्पेशलशी त्याचा काही संबंध नाही.

मग स्पेशल घ्यायचंच नाही का? घ्या की, सरावाला त्याच्यासारखं दुसरं नाही. सुरुवातीपासून मॅग्नम उडवलं की आवाजाने आणि धक्क्याने माणूस ट्रिगर दाबायच्या आधीच डोळे मिटायला लागतो, आणि ही सवय एकदा लागली की जाता जात नाही. त्यामुळे रेंजवर आधी भरपूर स्पेशल, शेवटी थोडी मॅग्नम, कानाला मफ दोन्ही वेळा. फक्त नेम मॅग्नमवरच सेट करायचा, कारण स्पेशलची गोळी वेगळ्या ठिकाणी लागते.

आणि एक किचकट गोष्ट राहिली. आखूड पुंगळ्या खूप उडवल्या की चेंबरमध्ये (सिलिंडरमधलं काडतूस बसतं ते भोक) त्यांच्या तोंडापुढे काजळीचं कडं जमतं, मग लांब मॅग्नम आत जाताना अडकतं, किंवा रिकामी पुंगळी बाहेर निघता निघत नाही. सीझनच्या आधी सॉल्व्हंट आणि पितळी ब्रशने सहाही चेंबर घासून घ्या आणि मॅग्नम एकेक घालून बघा (हे रेंजवरच, नळी टार्गेटकडे ठेवून), बोटाने हलकं ढकलून आत बसलं पाहिजे.