अध्यापन-तंत्रज्ञान साहाय्य

विद्यापीठातील अध्यापकांना आपल्या अभ्यासक्रमाची संकेतपृष्ठे उभारता यावीत, ती चालू ठेवता यावीत आणि अध्यापनात त्यांचा नेमका उपयोग ठरवता यावा, यासाठी संस्थेकडून मिळणारी संघटित मदत. सर्व्हरवरील जागा व खाती, प्रणालीची देखभाल, प्रशिक्षण, पाठरचनेचा सल्ला, ध्वनिचित्रनिर्मिती आणि हक्क व सुलभता यांविषयीचे मार्गदर्शन एवढा तिचा आवाका आहे. काही ठिकाणी ती संगणक केंद्राकडे असते, काही ठिकाणी ग्रंथालयाकडे वा अध्यापन-विकास केंद्राकडे. अलीकडे या तिघांचा संयुक्त विभागही आढळतो. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात १९६२ मध्ये स्थापन झालेले अध्ययन-अध्यापन संशोधन केंद्र हे अशा केंद्रांपैकी सर्वांत जुन्यांत गणले जाते. अभ्यासक्रमाच्या पानावर काय काय असते हे सर्वपरिचित असल्याने, प्रस्तुत नोंदीत ते पान ज्या व्यवस्थेच्या आधारावर उभे राहते तिचा विचार केला आहे.

उगम : या सेवेचा आरंभ कोठून मानावा याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. एका मतानुसार ती विद्यापीठांतील दृक्‌श्राव्य विभागांची वारस आहे. स्लाइड, चित्रफिती व प्रक्षेपक पुरवणारे हे विभाग पुढे संगणकाकडे वळले, एवढाच काय तो बदल. दुसरे मत तिचे मूळ १९६० मध्ये इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ‘प्लेटो’ या संगणकाधारित अध्यापनप्रणालीत शोधते. तिसरे मत १९९० च्या दशकात वेब येण्यापूर्वीचे काहीही या विषयात मोजत नाही.

कर्मचारी आणि इमारती यांची वंशावळ पाहिली, तर पहिले मत ग्राह्य ठरते. पण साहित्य अध्यापकाने स्वतः तयार करावे की तज्ज्ञांच्या चमूने त्याला ते करून द्यावे, हा या क्षेत्राचा मूळ प्रश्न प्लेटोच्या काळातच स्पष्टपणे पुढे आला होता. त्यामुळे दुसरे मत अधिक उपयुक्त वाटते. प्लेटोसाठी ‘ट्यूटर’ नावाची भाषा मुद्दाम अशी घडवली होती की विषयशिक्षकाला फारशी संगणकविद्या नसतानाही पाठ लिहिता यावेत. याउलट ‘टीआयसीसीआयटी’ या समकालीन प्रकल्पात मायटर ही संस्था आणि ब्रिगहॅम यंग विद्यापीठ यांनी विषयतज्ज्ञ, पाठरचनाकार व तंत्रज्ञ यांचे चमू बसवून ठरावीक साच्यात पाठ्यसाहित्य तयार केले. १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने दोन्ही प्रकल्पांना अर्थसाहाय्य दिले. पुढे स्वतंत्र मूल्यमापन झाले तेव्हा चमूने घडवलेल्या पाठांतून अभ्यासक्रम पुरा करणाऱ्यांची प्रगती चांगली दिसली, मात्र तो पुरा करणाऱ्यांचे प्रमाण वर्गातल्यापेक्षा कमी होते. शिक्षकांनी स्वतः लिहिलेल्या प्लेटोच्या पाठांनी गुणांत सातत्याने फरक पाडला नाही, पण शिक्षक व विद्यार्थी दोघांनीही ते आपुलकीने स्वीकारले. हा निष्कर्ष आजच्या कोणत्याही साहाय्य-विभागाने समोर ठेवावा इतका मोलाचा आहे. दुर्दैवाने वेबच्या पहिल्या दशकात त्याची आठवण क्वचितच कोणाला झाली.

वेबचा काळ : टिम बर्नर्स-ली यांचा वेबविषयीचा प्रस्ताव १९८९ चा, १९९३ मध्ये मोझेक हा चित्रदर्शी न्याहाळक (ब्राउझर) आल्यावर अध्यापकांची वैयक्तिक पाने झपाट्याने वाढली. विद्यापीठाच्या सामायिक सर्व्हरवर प्रत्येकाला एक फोल्डर मिळे आणि त्याच्या पत्त्यात नावापूर्वी नागमोडी चिन्ह असे. फाइल तिथे चढवणे, तिच्या वाचन-परवानग्या ठरवणे, नावातील लहानमोठ्या रोमन अक्षरांमुळे न उघडणारे चित्र शोधून काढणे ही त्या काळच्या मदतनीसाची रोजची कामे. १९९४ मध्ये टेक्सास विद्यापीठाने (ऑस्टिन) अशा पानांची ‘वर्ल्ड लेक्चर हॉल’ ही सूची सुरू केली, आणि दुसऱ्याचे पान पाहून आपले सुधारण्याची वाट अध्यापकांना मोकळी झाली.

अभ्यासक्रम-व्यवस्थापनाची पहिली वेबप्रणाली कोणती, हा वाद अद्याप पूर्णपणे मिटलेला नाही. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात संगणकशास्त्र शिकवणारे मरे गोल्डबर्ग यांनी घडवलेली ‘वेबसीटी’ ही १९९६ मध्ये पॅरिस येथील पाचव्या वेब-परिषदेत मांडली गेली. प्रोग्रामिंग न येणाऱ्या अध्यापकाला अभ्यासक्रम उभारता यावा हाच तिचा घोषित हेतू होता. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या परिसरात ‘कोर्सइन्फो’ तयार झाली. १९९७ मध्ये स्थापन झालेल्या ब्लॅकबोर्ड कंपनीत ती १९९८ मध्ये विलीन झाली. अग्रक्रमाच्या या वादाला न्यायालयीन वळणही मिळाले. जानेवारी २००६ मध्ये ब्लॅकबोर्डला अमेरिकेत एक पेटंट मिळाले. एकच व्यक्ती एका अभ्यासक्रमात अध्यापक आणि दुसऱ्यात विद्यार्थी असू शकते, ही भूमिकांची व्यवस्था त्याच्या गाभ्याशी होती. कंपनीने ‘डिझायर टू लर्न’ या कॅनडातील प्रतिस्पर्ध्यावर दावा लावला. २००८ मध्ये ज्यूरीने ३१ लाख डॉलरची भरपाई मंजूर केली, पण २००९ मध्ये अपील न्यायालयाने, ही वैशिष्ट्ये आधीच्या प्रणालींत होतीच असे म्हणून, ज्या दाव्यांवर ती भरपाई उभी होती ते अवैध ठरवले. खटल्याच्या काळात विद्यापीठांतील तंत्रज्ञांनी जुन्या प्रणालींचे पुरावे झपाट्याने गोळा केले. त्यांतून एक गोष्ट निश्चित दिसते : बहुतेक कल्पना अनेक ठिकाणी, साधारण एकाच सुमारास आणि अध्यापकांच्या मागण्यांमधून उगवल्या होत्या. ‘पहिला कोण’ यापेक्षा हे निरीक्षण अधिक महत्त्वाचे मानावे लागेल. ऑस्ट्रेलियातील कर्टिन विद्यापीठात वेबसीटीची व्यवस्था पाहणारे मार्टिन डूगियामस यांनी पुढे ‘मूडल’ ही मुक्त प्रणाली लिहिली. तिची १.० आवृत्ती ऑगस्ट २००२ मध्ये आली. मदत करणाराच निर्माता झाल्याचे हे ठळक उदाहरण होय.

साहाय्याचे प्रकार : स्थूलमानाने दोन रीती आढळतात. पहिलीत अध्यापक हस्तलिखित, चित्रे व सूचना देतो आणि विभाग पान तयार करून परत करतो. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने २००१ मध्ये जाहीर केलेल्या मुक्त अभ्यासक्रम-प्रकल्पात संपादक व हक्कतपासनीस यांचे पथक हेच काम करी. दुसऱ्या रीतीत विभाग अध्यापकाला शिकवतो आणि पान त्याच्याच हाती ठेवतो. पहिलीत पाने देखणी होतात, पण सत्राच्या मध्यावर एक तारीख बदलायची तरी अध्यापकाला कोणाची तरी वाट पाहावी लागते. दुसरीत आरंभ कष्टाचा असतो, पण पान जिवंत राहते. मिशिगन स्टेट विद्यापीठातील पुण्य मिश्रा व मॅथ्यू कोहलर यांनी अध्यापक आणि शिक्षणतंत्रज्ञानाचे विद्यार्थी यांना एकत्र बसवून ऑनलाइन अभ्यासक्रम रचायला लावले. त्या अनुभवाच्या आधारे २००६ मध्ये त्यांनी विषय, अध्यापन व तंत्रज्ञान या तीन ज्ञानांच्या गुंफणीची मांडणी केली. तंत्र सुटे शिकवून भागत नाही, ते त्या विषयातील अडलेल्या जागेशी जोडूनच शिकवावे लागते, हा तिचा आशय आहे. चांगला सल्लागार म्हणूनच ‘कोणते साधन हवे’ असे विचारण्याआधी ‘विद्यार्थी कुठे अडतात’ असे विचारतो.

सत्रारंभीची गर्दी हा या सेवेचा खरा कस असतो. मागील सत्राचा अभ्यासक्रम नव्यात उतरवला की जुन्या मुदती तशाच येतात. प्रवेशनोंदणीच्या यादीशी जुळणी न झाल्याने काही विद्यार्थ्यांना पानच दिसत नाही. अध्यापकाला सर्व काही दिसते, पण पान अजून ‘प्रकाशित’ केलेले नसते. पान विद्यार्थ्याच्या नजरेतून पाहण्याची सोय बहुतेक प्रणालींत असते आणि ती वापरण्याची सवय लागली तर यांतील अनेक तक्रारी उद्‌भवतच नाहीत.

सूत्रे आणि लिप्या : गणित, भौतिकी व अर्थशास्त्र या विषयांच्या पानांत सूत्रलेखन ही दीर्घकाळची अडचण राहिली आहे. लीड्स विद्यापीठात १९९० च्या दशकाच्या आरंभी तयार झालेली ‘लाटेक-टू-एचटीएमएल’ ही आज्ञावली लाटेक या सूत्रे व मजकूर लिहिण्याच्या संगणकीय पद्धतीतील प्रत्येक सूत्राचे चित्र करून पानात बसवी. चित्र मोठे केले की ते धूसर होई, पडदावाचकाला (अंध वाचकासाठी पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या आज्ञावलीला) त्यातले काहीच वाचता येत नसे आणि एक चिन्ह बदलायचे तरी पान पुन्हा तयार करावे लागे. १९९८ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने ‘मॅथएमएल’ ही सूत्रांकनभाषा प्रमाण केली, परंतु न्याहाळकांचा पाठिंबा असमान राहिला. क्रोमने तो २०१३ मध्ये काढून टाकला आणि २०२३ मध्ये पुन्हा दिला. मधल्या दशकात ‘मॅथजॅक्स’ या मुक्त साधनाने अध्यापकांना अक्षरशः तारले. पानात लाटेकमध्ये लिहिलेले सूत्र ते वाचकाच्या न्याहाळकातच मांडून दाखवते. मूडलसह अनेक प्रणालींत ते अंतर्भूत असते. तरीही वर्ड-दस्तऐवजातून चिकटवलेली सूत्रे चित्ररूपच उतरण्याचा धोका कायम आहे, आणि ते ओळखणे हे अनुभवी मदतनीसाचे काम.

लॅटिनेतर लिप्यांची गोष्टही याच जातीची. देवनागरीला युनिकोड या सर्व लिप्यांसाठीच्या सामायिक संकेतव्यवस्थेत १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून स्थान होते, पण संगणकांच्या कार्यप्रणालींत ती नीट दिसू लागली साधारण २००० नंतर. तोवर प्रत्येक फॉन्टची संकेतव्यवस्था वेगळी असे. तो फॉन्ट नसलेल्या वाचकाला पानावर रोमन अक्षरांची गर्दी दिसे आणि शोधयंत्राला त्या मजकुराचा पत्ताच लागत नसे. अशा जुन्या टिपणांचे युनिकोडमध्ये रूपांतर करून घेणे हे काम आजही संपलेले नाही. जोडाक्षरे व रफार यांची चूक यंत्राला कळत नाही, म्हणून रूपांतरानंतर विषय जाणणाऱ्याने मजकूर वाचणे अपरिहार्य ठरते.

सुलभता व हक्क : अंध, कर्णबधिर वा हालचालीवर मर्यादा असलेल्या विद्यार्थ्यांना पान वापरता यावे यासाठीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रथम १९९९ मध्ये, दुसऱ्या आवृत्तीत २००८ मध्ये व २.२ या रूपात २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. चित्रांना पर्यायी मजकूर, ध्वनिचित्रफितींना मथळे (बोलणे लिहून दाखवणाऱ्या पडद्यावरील ओळी), शीर्षकांची खरी उतरंड आणि सामान्य मजकुरासाठी पार्श्वभूमीशी किमान ४.५ : १ इतका रंगविरोध या त्यांतील नेहमी लागणाऱ्या अटी. स्कॅन केलेली पाने चित्रस्वरूप पीडीएफमध्ये तशीच चढवणे ही सर्वांत मोठी व सर्वांत सहज टाळता येणारी त्रुटी आहे. मागाहून दुरुस्ती किती महाग पडते हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले शाखेवरून दिसले. मथळ्यांअभावी आक्षेप आल्यावर २०१७ मध्ये तिने २०,००० हून अधिक ध्वनिचित्रफिती जनतेच्या वापरातून काढून घेतल्या. त्यामुळे आक्षेप घेणाऱ्यांना काही मिळाले नाही आणि इतर सर्वांचे मात्र गेले. मथळे निर्मितीच्या वेळीच घालावेत हा सल्ला म्हणूनच केवळ शिष्टाचाराचा नाही.

पानाची मालकी कोणाची, हा प्रश्न १९९७ मध्ये लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने कला-विज्ञान शाखेतील प्रत्येक अभ्यासक्रमाला संकेतस्थळ आवश्यक केले आणि त्यासाठी विद्यार्थ्यांकडून शुल्क घेतले तेव्हा ऐरणीवर आला. इतिहासकार डेव्हिड नोबल यांनी यात अध्यापकांचे श्रम विकाऊ माल होत असल्याची टीका केली. ती काहीशी टोकाची मानली जाते, पण लेखी करार आधी व पान नंतर हा क्रम तिने अनेकांना पटवून दिला. इतरांच्या साहित्याचा वापर मात्र देशोदेशीच्या प्रताधिकार कायद्यांवर अवलंबून असतो. निर्माता आपल्या साहित्याच्या वापराला ज्यांतून आधीच परवानगी देतो त्या, २००२ पासून उपलब्ध असलेल्या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यांमुळे ही अडचण बरीच हलकी झाली आहे.

स्थलांतर : प्रणाली बदलली की पाने हलवावी लागतात. २००६ मध्ये वेबसीटी ब्लॅकबोर्डमध्ये सामावली गेली तेव्हा अनेक विद्यापीठांवर ही वेळ आली. २००८ मध्ये आलेले ‘कॉमन कार्ट्रिज’ हे प्रमाण मजकूर, दुवे, जोडलेल्या फाइली व साधे बहुपर्यायी प्रश्न एका प्रणालीतून दुसरीत नेऊ शकते. गणनात्मक प्रश्न, श्रेणीपुस्तकातील सूत्रे आणि ठरावीक गुण मिळाल्यावरच पुढील पाठ उघडण्यासारख्या अटी मात्र बहुधा मागे राहतात व नव्या प्रणालीत हाताने पुन्हा उभाराव्या लागतात.