गाळलं की बदललं? पुस्तकाचा सिनेमा पाहून होणाऱ्या दोन तक्रारी

आवडत्या कादंबरीवरचा सिनेमा पाहून बाहेर पडणाऱ्या लोकांच्या तोंडी बहुतेक वेळा एकच वाक्य असतं: "पुस्तकातलं काही ठेवलंच नाही." छत्रपती संभाजीनगरच्या मल्टिप्लेक्सबाहेरही हेच ऐकू येतं आणि नांदेड-परभणीत टीव्हीवर हिंदी डब पाहणाऱ्या घरांतही. पण या एका वाक्यात दोन वेगळ्या तक्रारी असतात. कोणी म्हणत असतं, पुस्तकातलं अमुक गाळलं. कोणी म्हणत असतं, पुस्तकातलं अमुक बदललं. दोघं एकाच सुरात चिडलेले असतात, त्यामुळे आपण एकाच गोष्टीवर चिडलोय असं त्यांना वाटतं आणि वाद नुसता गोल गोल फिरत राहतो.

ओळखायची खूण सोपी आहे. जे पडद्यावर आलं नाही ते आपल्या नजरेआड घडून गेलं असं मानता येत असेल, तर ते गाळलेलं. तसं मानायला गेलं की पडद्यावरचं खोटं पडत असेल, तर ते बदललेलं.

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चं घ्या. सगळ्यांना मोहात पाडणारी जादूची अंगठी नष्ट करायला निघालेल्या फ्रोडोची ही टोल्कीनची कादंबरी 1954-55 मध्ये तीन खंडांत आली आणि पीटर जॅक्सनचे तीन सिनेमे 2001 ते 2003 या काळात. पुस्तकात सुरुवातीलाच टॉम बॉम्बाडिल नावाचा एक गाणारा, नाचणारा, अंगठीचा कसलाच परिणाम न होणारा अवलिया भेटतो. सिनेमात तो नाही. पुस्तकप्रेमी आजही हळहळतात, आणि ते मला मनापासून पटतं. तरी सिनेमा पाहताना, बॉम्बाडिलकडचा मुक्काम मधल्या प्रवासात होऊन गेला असं धरलं तर फ्रोडोच्या गोष्टीला फारसा धक्का लागत नाही. तिन्ही सिनेमे मिळून नऊ तासांच्या वर जातात. तेवढ्यातही सगळं मावणार नव्हतं.

फ्रोडोला वाटेत भेटणाऱ्या फॅरामिर या योद्ध्याचं तसं नाही. पुस्तकातला फॅरामिर म्हणतो की ही वस्तू, म्हणजे अंगठी, वाटेवर पडलेली दिसली तरी मी उचलणार नाही, आणि तो शब्द पाळतो. मोठा भाऊ बोरोमिर ज्या मोहाला बळी पडला त्या मोहासमोर हा उभा राहतो, म्हणून तर तो वाचकांचा इतका लाडका. दुसऱ्या सिनेमातला फॅरामिर मात्र फ्रोडोला पकडून ऑसगिलियाथ शहरापर्यंत नेतो आणि मग सोडतो. इथे 'पडद्यामागे घडलं असेल' म्हणायची सोयच नाही. एक माणूस मोह टाळतो, दुसरा मोहात पडून सावरतो. पटकथाकारांनी यामागचं कारण सांगितलेलं आहे: दोन सिनेमांभर अंगठीची भीती वाढवत आणल्यावर कोणी ती सहज नाकारली तर भीतीच ओसरते. कारण समजतं. तरीही फॅरामिरवर अन्याय झाला असंच माझं मत आहे, आणि जे वाचक यावर चिडतात ते हट्टी आहेत असं मला मुळीच वाटत नाही.

बदल म्हणजे वाईटच असंही नाही. पहिल्या सिनेमात जखमी फ्रोडोला घेऊन नदीकडे घोडा फेकते ती आर्वेन. पुस्तकात ग्लॉरफिंडेल नावाचा एल्फ, म्हणजे आर्वेनच्याच अमर जमातीतला एक जण, फ्रोडोला आपल्या घोड्यावर बसवून पुढे पाठवतो. शेवटी आर्वेनचं लग्न राजाशी व्हायचंय. प्रेक्षकाने तिला तोवर कुठेतरी धाडसाने वागताना बघायला नको का? हा बदल मला आवडला.

मोजमापाने फसू नये, हे सांगायला 'हॅरी पॉटर'च्या चौथ्या भागाइतकं चांगलं उदाहरण नाही. 2005 चा तो सिनेमा सुमारे अडीच तासांचा आहे. त्यासाठी पुस्तकातला किती मजकूर गेला! विंकी नावाची घरकाम करणारी एल्फ (इथे एल्फ म्हणजे जादूगारांचे छोटे नोकर) पूर्ण गेली, हॅरीची मैत्रीण हर्मायनीने या एल्फांच्या हक्कांसाठी काढलेली चळवळ गेली, डॉबी हा असाच एक एल्फ गेला. शेकडो पानांच्या पुस्तकातून इतकं कमी झालं. पण चाहत्यांमध्ये सगळ्यात जास्त बोललं जातं ते काही सेकंदांच्या एका प्रसंगाबद्दल. स्पर्धक निवडणाऱ्या अग्निचषकातून हॅरीचं नाव निघतं तेव्हा पुस्तकातला मुख्याध्यापक डम्बलडोर त्याला शांतपणे विचारतो, तू नाव टाकलंस का? सिनेमातला डम्बलडोर तावातावाने येतो, पोराचे खांदे धरतो आणि तोच प्रश्न ओरडून विचारतो. एकही शब्द गाळलेला नाही. गेला तो शांतपणा, आणि या माणसावर हॅरीचा जो भरवसा आहे तो त्याच शांतपणामुळे आहे. पानं मोजत बसलो तर ही तक्रार क्षुल्लक वाटेल. स्वभाव बघितला तर विंकीपेक्षा हीच मोठी.

आता अडचणीची जागा. काही गाळलेल्या गोष्टी पुढे जाऊन बदलच ठरतात. डॉबी 2002 च्या दुसऱ्या सिनेमात दिसला आणि त्यानंतर थेट 2010 मध्ये, सातव्या पुस्तकावरच्या सिनेमाच्या पहिल्या भागात. पुस्तकांत तो मधल्या काळातही येत राहतो, हॅरीला पाण्याखालच्या परीक्षेसाठी वनस्पती आणून देतो. सिनेमात ती हॅरीचा वर्गमित्र नेव्हिल देतो. माझ्या परभणीच्या भाचीने सगळी पुस्तकं मराठीत वाचलेली. डॉबी मरतो तो प्रसंग टीव्हीवर बघताना ती हमसून रडायला लागली. धाकटा भाऊ फक्त सिनेमे पाहिलेला. तो म्हणाला, "ताई, काहून रडायलीस? मधात कुठं होता हा?" ती डोळे पुसत म्हणाली, "आरं, मधात तो शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होता. यायनं दाखवलंच नाही." दोघंही खरं बोलत होते. तिच्यासाठी ते नुसतं गाळलेलं होतं, कारण मधली वर्षं तिने मनातून भरून काढली. त्याच्यासाठी डॉबी हे पात्रच वेगळं झालं होतं: लांबचा, कधीतरी भेटलेला.

मराठवाड्याच्या माणसाला हा प्रश्न नवा वाटायचं कारण नाही. आपल्या पैठणचं, म्हणजे जुन्या प्रतिष्ठानचं नाव ज्या कथाग्रंथाशी जोडलेलं आहे, त्या गुणाढ्याच्या 'बृहत्कथे'ची आख्यायिकाच कापाकापीची आहे. सात लाख श्लोकांचा तो ग्रंथ सातवाहन राजाने नाकारला. गुणाढ्य रानात बसून एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवायचा आणि आगीत टाकायचा. राजा धावत आला तोवर एक लाखच श्लोक उरले होते. मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागर' रचला आणि आरंभीच ग्वाही दिली की मुळाला धक्का लावलेला नाही, फक्त विस्तार आवरला आहे आणि भाषा वेगळी आहे. म्हणजे त्याच्या मते गाळलं, बदललं नाही. पुढे नेपाळात बुधस्वामीची याच कथेची दुसरी आवृत्ती सापडली आणि अभ्यासकांनी दोन्ही शेजारी ठेवल्या, तेव्हा काश्मिरी परंपरेत बरंच काही बदललेलं आणि घुसलेलं दिसलं. वेताळाच्या पंचवीस कथा आणि पंचतंत्राच्या गोष्टी हा त्यातलाच ऐवज. सोमदेव खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. त्याच्या हाती आलेली संहिताच बहुधा तशी होती. पण वेताळाच्या कथा त्याच्यामुळेही आपल्यापर्यंत आल्या, आणि त्या नकोत असं कोण म्हणेल?

म्हणून सिनेमा बघून तक्रार करताना जरा थांबून तिचं नाव ठरवावं. गाळल्याची तक्रार असेल तर पुढचा प्रश्न: यात जे गेलं त्यावर पुढचं काही उभं होतं का? बदलल्याची असेल तर: हा माणूस पुस्तकात असं वागला असता का? मग भांडणात दम येतो.

2023 मध्ये वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरी या कंपनीने हॅरी पॉटरवर दशकभर चालेल अशी, पुस्तकांशी प्रामाणिक राहणारी मालिका जाहीर केली. तिथे वेळेची सबब चालणार नाही. भाची सगळ्यात आधी तिसऱ्या पुस्तकातला शाळेचा जादूचा नकाशा बघणार आहे. 2004 च्या सिनेमात तो नकाशा आहे, त्यावर टोपणनावंही आहेत, पण ती नावं हॅरीच्या वडिलांची आणि त्यांच्या मित्रांची आहेत हे कोणी सांगतच नाही. दोन वाक्यांचं काम होतं. त्यामुळे हॅरीचे वडील हरणाचं रूप घ्यायचे आणि म्हणून हॅरीच्या जादूतून हरीणच निघतं, ते पुस्तक न वाचलेल्या पोरांना कळलंच नाही.