नाटकवाला ‘स्वतः’ म्हणून बोलायला उभा राहतो, त्यामागचा बराच जुना इतिहास

हल्ली डिझायनर, फोटोग्राफर, चित्रकार, लिहिणारे, ॲनिमेशनवाले असे सगळे महिन्यातून एकदा कुठेतरी जमतात, त्यातला कुणी एक जण वीसेक मिनिटं आपल्या कामाबद्दल बोलतो, मग प्रश्न, मग कॉफी आणि ओळखीपाळखी. अशा ठिकाणी नाटकात काम करणारं कुणी बोलायला आलं की लोकांचा सूर साधारण असा असतो की चला, आज जरा करमणूक, कामाचं पुढच्या महिन्यात ऐकू. मला हे कायम उलटं वाटत आलंय. कारण एका माणसाने समोर उभं राहून आपल्याच नावाने, आपल्याच कामाबद्दल, गप्पा मारल्यासारखं बोलायचं हा जो प्रकार आहे ना, तो घडवण्यात नाटकवाल्यांचा हात फार मोठा आहे, आणि त्यातला बराचसा भाग चक्क कायद्याला आणि सोवळ्या लोकांना चुकवण्यासाठी केलेली चलाखी आहे.

सुरुवात कुठून धरायची हा प्रश्नच आहे. संस्कृत नाटकात नांदी झाली की सूत्रधार येतो आणि तो कुठल्याच पात्राचं बोलत नाही, नटीशी बोलतो, आज कुणाचं नाटक आहे ते सांगतो, समोर कसे प्रेक्षक बसलेत ते सांगतो. कालिदासाच्या शाकुंतलातला सूत्रधार तर सरळ म्हणतो, ‘आ परितोषाद्विदुषां न साधु मन्ये प्रयोगविज्ञानम्’, म्हणजे जाणकारांचं समाधान होत नाही तोवर आपल्याला प्रयोग जमला असं मी मानत नाही. आता हे काय आहे? जाणकार लोक जमलेत आणि एक रंगकर्मी त्यांच्यासमोर आपल्या कामाबद्दलची धाकधूक बोलून दाखवतोय. फक्त ते सगळं लिहून दिलेलं आहे, त्यामुळे तो ‘स्वतः’ असल्याचं सोंग म्हणायचं की काय ते आपण ठरवायचं.

लंडनमध्ये सतराव्या शतकात असाच खेळ दुसऱ्या टोकाला, म्हणजे नाटक संपल्यावर चालायचा. १६६९ मध्ये ड्रायडन या नाटककाराच्या एका शोकांतिकेत नेल ग्विन नावाची नटी मेलेली पडलेली असते, तिला उचलून आत न्यायला माणूस येतो, तर ही उठून बसते आणि त्यालाच झापते की अरे वेडा आहेस का, मला अजून भरतवाक्य बोलायचंय! मग ती प्रेक्षकांशी नेल म्हणूनच बोलते, स्वतःची थट्टा करते. लोक ती काय बोलते ते ऐकायला थांबायचे. पात्रापेक्षा ते पात्र करणारी बाई काय म्हणते यात लोकांना रस असतो हे नाटक कंपन्यांना तेव्हाच कळलं होतं.

खरी गंमत १७३७ नंतर. त्या वर्षी इंग्लंडात लायसन्सिंग ॲक्ट आला, नाटकाची संहिता आधी सरकारकडून पास करून घ्यायची आणि पैसे घेऊन नाटक करायचं तर मोजक्याच परवानाधारक थिएटरांत. बाकीच्यांनी काय करायचं? सॅम्युअल फूट नावाचा नट एप्रिल १७४७ मध्ये लंडनच्या हेमार्केटच्या थिएटरात नकलांचा कार्यक्रम करत होता, तो बंद पाडला गेला, तर पठ्ठ्याने जाहिरात दिली की आपल्या मित्रमंडळींनी दुपारी बारा वाजता माझ्याबरोबर चॉकलेट प्यायला यावं. तिकीट घ्या आणि या. लोक जमल्यावर तो सांगायचा की चॉकलेट तयार होतंय, तोवर मी इथे काही तरुण नटांना शिकवतोय, तुमची हरकत नसेल तर ते चालू ठेवतो. आणि शिकवणीच्या नावाखाली सगळ्या नकला करून मोकळा. पुढे त्याने ती वेळ संध्याकाळी नेली आणि चॉकलेटच्या जागी चहा केला. म्हणजे दिवसाउजेडी पेय प्यायला जमलेले लोक आणि त्यांच्यासमोर ‘मी माझं काम कसं करतो’ दाखवणारा नट, हा सगळा साचा पावणेतीनशे वर्षांपूर्वी तयार होता, आणि होता तो निव्वळ पळवाट म्हणून!

त्याच गावात १७६४ मध्ये जॉर्ज अलेक्झांडर स्टीव्हन्स या नटाने ‘लेक्चर ऑन हेड्स’ सुरू केलं. टेबलावर वेगवेगळ्या प्रकारच्या माणसांची बनवलेली डोकी मांडायची, वकील, डॉक्टर, फॅशनवाल्या बायका, आणि एकेक उचलून त्यावर विद्वान असल्याच्या थाटात टोमणे मारत व्याख्यान द्यायचं. ते इतकं चाललं की इतरांनी त्याची कॉपी करून दौरे काढले. स्लाइड दाखवत बोलणाऱ्यांचा हा पूर्वज म्हटला तरी चालेल.

अमेरिकेत प्रकरण आणखी मजेदार, कारण तिथे नुसता कायदा आडवा नव्हता, धर्मही आडवा होता. नाटक म्हणजे पाप. मॅसॅच्युसेट्समध्ये १७५० मध्ये नाटकावर बंदीच आणली. १७६१ मध्ये न्यूपोर्टला ऑथेल्लो करायचं होतं तर जाहिरातीत नाटक हा शब्दच नाही, मत्सराचे दुष्परिणाम दाखवणारे पाच भागांतले ‘नैतिक संवाद’ असं छापलं. पुढे १८२६ मध्ये जोसाया होलब्रुकने मॅसॅच्युसेट्समध्येच लायसियम सुरू केलं, गावातल्या लोकांनी एकत्र जमून व्याख्यानं ऐकायची, ज्ञान वाढवायचं, आणि हे वारं गावोगाव पसरलं. व्याख्यान ऐकणं सभ्य, नाटक बघणं असभ्य! मग न्यूयॉर्कमध्ये बार्नम या करमणुकीचा धंदा करणाऱ्याने आपल्या म्युझियममधल्या थिएटरला ‘लेक्चर रूम’ असं नाव दिलं आणि आत बिनधास्त नाटकं लावली, ज्यांना थिएटरात जायची लाज वाटायची ते लेक्चर रूममध्ये सहकुटुंब जायला लागले. फॅनी केंबल ही मोठ्या नट घराण्यातली नटी, तिने रंगभूमी सोडल्यावर टेबलाशी पुस्तक घेऊन बसून एकटीने शेक्सपिअर वाचायला सुरुवात केली, आणि जे लोक थिएटरची पायरी चढत नव्हते ते तिला ऐकायला यायचे. १८७४ मध्ये सुरू झालेल्या, व्याख्यानं आणि शिक्षणाच्या शटॉक्वा चळवळीतही बराच काळ हेच, वाचन चालेल, वक्तृत्व चालेल, एकटी बाई आवाज बदलून दहा पात्रं करेल तेही चालेल, पण वेशभूषा आणि पडदा नको.

इथपर्यंत नट व्याख्यानाच्या आडून नाटक करत होता. विसाव्या शतकात गाडी उलट दिशेने निघाली, नटाचं काम हेच बोलण्याचा विषय झालं. याला कारण बऱ्याच अंशी रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्की. अभिनय म्हणजे देवाची देणगी, असेल तर असेल, या समजुतीऐवजी त्याला पद्धत असते, ती शिकता येते, तिच्यावर वाद घालता येतो, हे त्याने रुजवलं. १९२३–२४ मध्ये त्याचं मॉस्को आर्ट थिएटर अमेरिकेत आलं आणि त्यानंतर तिथल्या नटांच्या बोलण्यात तालीम, हेतू, आठवण असले विषय जे शिरले ते अजून निघालेले नाहीत. (कधीकधी निघाले तर बरं असंही वाटतं.)

पण या सगळ्यात मला सगळ्यात जवळचा वाटतो तो युजेनिओ बार्बा या दिग्दर्शकाच्या ओडिन थिएटरचा प्रकार. ही मंडळी १९६४ मध्ये ऑस्लोत जमली, १९६६ मध्ये डेन्मार्कच्या होल्स्टेब्रो या छोट्या गावात गेली. १९७४ मध्ये दक्षिण इटलीतल्या कार्पिन्यानो गावात राहत असताना त्यांनी अदलाबदल सुरू केली, आम्ही आमचं काहीतरी करून दाखवतो, तिकीट नाही, बदल्यात तुम्ही तुमची गाणी म्हणा, तुमचे नाच दाखवा. म्हणजे बघणारा नुसता बघणारा राहिलाच नाही. आणि त्यांच्या नट्यांनी, इबेन नागेल रासमुसेन, रोबेर्ता कारेरी, जूलिया वार्ली, ‘वर्क डेमॉन्स्ट्रेशन’ हा प्रकार फार पुढे नेला. एकटीने यायचं, साध्या कपड्यात, हा आवाज मी असा शोधला, ही हालचाल आधी अशी होती मग अशी कापली, असं बोलता बोलता करून दाखवायचं. बोलणं कुठे थांबलं आणि नाटक कुठे सुरू झालं ते कळत नाही, आणि तरी कुठेही फसवणूक नाही.

साधारण त्याच काळात न्यूयॉर्कला स्पॉल्डिंग ग्रे १९७९ पासून एक टेबल, पाण्याचा ग्लास, एक वही आणि मायक्रोफोन घेऊन स्वतःच्या आयुष्याबद्दल तास-तासभर बोलायला लागला. वाटायचं सहज बोलतोय, पण प्रयोगागणिक घासून घासून बसवलेलं. १९९७ ला तिथेच मॉथ नावाचा गोष्टी सांगण्याचा कार्यक्रम सुरू झाला, तिथे तर कागदसुद्धा न घेता खरी गोष्ट सांगायची.

यानंतरचं बहुतेकांना माहीत आहे म्हणून पटकन सांगते. भाषणांचं टेड १९८४ चं, पण घराघरात पोचलं ते २००६ मध्ये भाषणं ऑनलाइन टाकल्यावर. पेचाकुचा हा चित्रं दाखवत बोलण्याचा प्रकार २००३ मध्ये टोकियोत दोन आर्किटेक्ट लोकांनी काढला, वीस चित्रं, प्रत्येकी वीस सेकंद, सहा मिनिटं चाळीस सेकंदांत खेळ खलास, कारण आर्किटेक्ट माइक हातात आला की सोडत नाहीत असा त्यांचाच अनुभव. क्रिएटिव्ह मॉर्निंग्ज हे व्याख्यानांचं संमेलन २००८ मध्ये टीना रोथ आयझेनबर्ग या डिझायनरने न्यूयॉर्कमध्ये सुरू केलं, सकाळची वेळ, प्रवेश फुकट, आणि आज ते जगभर दोनशेच्या वर शहरांत चालतं. हे तिन्ही प्रकार सुरू करणारे डिझाइन-आर्किटेक्चरकडचे, त्यामुळे सगळी रचना ‘काम दाखवा’ अशी, म्हणजे पोर्टफोलिओ, म्हणजे स्लाइड.

आणि नाटकवाल्यांची गोची होते ती इथेच. चित्रकाराचं चित्र पडद्यावर निदान चित्र तरी दिसतं, पण प्रयोगाचा फोटो म्हणजे तोंड उघडं ठेवून उभी असलेली चार माणसं, त्यात प्रयोग नसतोच. तरी बरेच जण तसेच तीस फोटो घेऊन येतात, हे अमक्या साली, हे तमक्या नाटकातलं, आणि समोरचे फोन काढतात. २००४ मध्ये पॅरिस ऑपेरात जेरोम बेल या नृत्यदिग्दर्शकाने वेरोनिक दुआनो या नर्तिकेला रिकाम्या रंगमंचावर एकटीला बोलायला लावलं होतं, ते अशा वक्त्यांनी जरूर बघावं. बाई निवृत्तीला आलेल्या, बराच काळ मागच्या रांगेत नाचलेल्या. त्या आपलं वय सांगतात, पगार सांगतात, मग सांगतात की स्वान लेक या बॅलेत मुख्य जोडी नाचत असताना आम्ही मागे नेपथ्य होऊन उभ्या असतो आणि तेव्हा ओरडावंसं वाटतं. एवढं बोलून त्या संगीत लावायला सांगतात आणि तो मागच्या रांगेतला भाग एकट्याच करून दाखवतात, म्हणजे बहुतेक वेळ नुसत्या उभ्या राहतात, पोझ बदलतात, परत उभ्या. पुढे नाचणारी जोडी तिथे नाहीच, त्यामुळे नेहमी जिच्याकडे कुणी बघत नाही तिच्याकडेच बघत बसावं लागतं. यात स्लाइड एकही नाही.