पार्श्वभूमी : सरपंचाची सातवी

सरपंच शिकलेला हवा की चार पावसाळे जास्त पाहिलेला, हा पारावरचा जुना वाद. आपल्या राज्याच्या कायद्यात तो शिरला जुलै २०१७ मध्ये. सरपंच सदस्यांमधून न निवडता थेट जनतेतून निवडायचा, असं ठरलं आणि सोबत एक अट आली: सरपंच किमान सातवी पास असावा. थेट निवडणुकीचे परिणाम कितीतरी मोठे होते, पण भांडण पेटलं ते सातवीवरून. 'अडाण्यांचा कारभार संपला' म्हणणारे एका बाजूला, 'वसंतदादांच्या राज्यात सातवीचा दाखला मागता?' म्हणणारे दुसऱ्या. (वसंतदादा पाटील फारसं न शिकताही मुख्यमंत्री झाले होते.)

अट पूर्ण वाचली असती तर दोघांचाही आवाज खाली आला असता. ती फक्त १ जानेवारी १९९५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना लागू होती. उभं राहायला वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात. ऑक्टोबर २०१७ मध्ये पहिले लोकनियुक्त सरपंच निवडून आले, तेव्हा या अटीच्या कचाट्यात येत होते ते जेमतेम २१-२२ वर्षांचे उमेदवार. साठीतल्या, अंगठा उठवणाऱ्या पुढाऱ्याला तिने धक्काही लावला नव्हता. ज्याच्याकडे अनुभव असण्याची शक्यता सर्वात कमी, त्याच्याकडेच दाखला मागितला जात होता. हा शहाणपणा होता की वाद टाळण्याची युक्ती, हे ज्याने त्याने ठरवावं. मला दुसरं जास्त पटतं.

'पास' हा शब्दही वाटतो तितका सरळ नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि आठवीपर्यंत कोणाला नापास करायचं नाही, असा नियम आला. २००० च्या आसपास जन्मलेल्या मुलांसाठी सातवी पास होणं म्हणजे सातवीपर्यंत शाळेच्या पटावर टिकणं. आता बीडकडच्या एखाद्या वस्तीवरचं घर घ्या. दिवाळी झाली की आई-बाप कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात, पोरगीही सोबत जाते, धाकट्याला सांभाळते आणि शाळा सुटते ती सुटतेच. पुढे तिने सरपंचपदाचा अर्ज भरायचा म्हटला, तर शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'पाचवी' असतं. ती बारा वर्षांची असताना तिचे आई-बाप कुठे होते, एवढंच तो दाखला सांगतो. फडावर तिने मुकादमाशी उचलीचा हिशोब कसा घातला, त्याला त्यावर रकाना नाही.

ही कल्पना इथली नव्हे. राजस्थानने डिसेंबर २०१४ मध्ये वटहुकूम काढून सरपंचाला आठवी लावली. पाठोपाठ हरियाणाने २०१५ मध्ये खुल्या गटातल्या पुरुषांना दहावी आणि महिलांना आठवी अशी उतरंड केली. तिथे तारखेची सूट नव्हती, त्यामुळे गावंच्या गावं बाद व्हायची वेळ आली. प्रकरण दिल्लीत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १० डिसेंबर २०१५ रोजी अट वैध ठरली. बरं-वाईट ओळखण्याची ताकद केवळ शिक्षणानेच येते, अशा आशयाचं वाक्य त्या निकालात आहे. आमदार-खासदाराला अशी काही अट नाही. राजस्थानने २०१९ मध्ये आपली अट मागे घेतली.

आपल्याकडे २०२० मध्ये थेट निवडणूक रद्द झाली आणि २०२२ च्या जुलैत परत आली. दोन्ही वेळा सरकार बदललं होतं. सातवीची अट मात्र १९९५ च्याच तारखेसह कायम राहिली. ती तारीख पुढे सरकत नाही, उमेदवार मात्र दर निवडणुकीत तिच्या आत येत राहतात.

त्याआधीचं थोडक्यात. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती एप्रिल १९९३ मध्ये लागू झाली, महिलांना एक तृतीयांश जागा मिळाल्या आणि २०११ मध्ये राज्यात त्या निम्म्या झाल्या. पण जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरमध्ये १९८९ सालीच सगळीच्या सगळी ग्रामपंचायत बायकांची निवडून आली होती. त्यांना प्रशिक्षण मिळालं होतं ते शेतकरी आंदोलनाच्या मोर्चांत. वर्ग, पुस्तिका, दोन-तीन दिवसांची शिबिरं हे सगळं वाढलं ते १९९३ नंतर. अशा शिबिरांत 'सरपंचांनी सांगावं' म्हणून कोणी प्रश्न विचारला की उत्तर मागच्या रांगेतल्या नवऱ्याने द्यायचं, यातूनच 'सरपंचपती' हा शब्द रुळला. मजा अशी की तो नवरा बहुतेकदा सातवीच्या पुढचा असतो.

मोर्चे आणि शिबिरं या दोन टोकांच्या मध्ये बचत गट उभे राहिले, त्यांचं नाव या वादात क्वचितच येतं. महिन्याची बैठक, पासबुक, कर्ज कोणाला द्यायचं यावरची भांडणं, थकबाकीदाराच्या दारात जाणं. कितीतरी महिला सरपंच इथून आल्या. याला शिक्षण म्हणायचं की अनुभव, हे कुठल्या अर्जात लिहिता येत नाही.

आता सरपंचाचं काम डोंगलवर, म्हणजे डिजिटल सही साठवलेल्या पेनड्राइव्हसारख्या यंत्रावर, आलं आहे. वित्त आयोगाचा पैसा खर्चायला सरपंच आणि ग्रामसेवक (२०२४ पासून 'ग्रामपंचायत अधिकारी' म्हणायचं) या दोघांची डिजिटल सही लागते. पूर्वी चेकवर सही करताना निदान आकडा डोळ्यांसमोर असायचा. आता डोंगल बऱ्याच ठिकाणी ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये असतं आणि सरपंचाच्या मोबाईलवर ओटीपी येतो. बाई शेतात असतात, पलीकडून फोन येतो, 'ताई, आकडा सांगा.' सातवी पास असो वा नसो, त्या सहा अंक वाचून दाखवतात. कोणत्या कामाचे किती, हे विचारायला शिकेपर्यंत दोन-तीन वर्षं जातात. मग पाच वर्षं भरतात, आरक्षणाची नवी सोडत निघते आणि गावाला बहुतेकदा दुसराच प्रवर्ग येतो.