जांभळ्या टोपणाचं रक्त

रात्रपाळीच्या टेक्निशियनसमोर स्क्रीनवर दोन आकडे येतात. पोटॅशियम 14, कॅल्शियम 3. ती रिपोर्ट सोडत नाही, वॉर्डला फोन लावते. "सिस्टर, जांभळ्या ट्यूबमधलं रक्त दुसऱ्या ट्यूबमध्ये ओतलंत का?" पलीकडे जरा वेळ शांतता. मग, "नवीन सॅम्पल पाठवते."

जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये ईडीटीए असतं, तेही बहुतेकदा पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात. रक्त गोठायला कॅल्शियम लागतं, ते ईडीटीए पकडून ठेवतं आणि रक्त पातळ राहतं. हेच रक्त रसायन तपासणीच्या ट्यूबमध्ये गेलं की पोटॅशियम फुगतं आणि कॅल्शियम गडप होतं. निरोगी माणसाचं पोटॅशियम लिटरला साधारण 3.5 ते 5 मिलिमोल असतं. 14 पोटॅशियमचा माणूस सिस्टरशी गप्पा मारत बसलेला नसतो. टेक्निशियनला हे कुठे वाचावं लागत नाही. पंचाईत अशी की ते कुठे लिहिलेलंही नसतं.

प्रयोगशाळेत नवी माहिती प्रणाली, म्हणजे सगळे म्हणतात ते एलआयएस, आणायचं ठरलं की चर्चा सर्व्हर, स्क्रीन आणि पैशांची होते. माझ्या मते खरं काम वेगळंच असतं. माणसांच्या डोक्यात मुरलेल्या अशा शेकडो गोष्टी आधी बाहेर काढून कागदावर मांडाव्या लागतात. सॉफ्टवेअर आज्ञाधारक असतं, पण त्याला शहाणपण उसनं द्यावं लागतं.

सुरुवात टेस्ट मास्टरपासून होते. हा प्रयोगशाळेतल्या सगळ्या तपासण्यांचा शब्दकोश. प्रत्येक तपासणीचं नाव, लागणारी ट्यूब, एकक, दशांश किती, नॉर्मल रेंज काय. ऐकायला कारकुनी वाटतं. पण वरचा कॅल्शियमचा आकडा पुन्हा बघा. तो डेसिलिटरला मिलिग्रॅममध्ये होता, जिथे 9-10 नॉर्मल, म्हणून 3 धोकादायकरीत्या कमी. तोच 3 मिलिमोलमध्ये असता तर 12 मिलिग्रॅम झाला असता, म्हणजे जास्त! आकडा एकच, अर्थ उलटे. ग्लुकोज मिलिग्रॅममधून मिलिमोलमध्ये न्यायला 18 ने भागायचं, क्रिएटिनिन मायक्रोमोलमध्ये न्यायला 88.4 ने गुणायचं. प्रत्येक पदार्थाचा हिशेब निराळा.

ही एककं जिथे लपून बसतात ती जागा म्हणजे गणिती तपासण्या. एलडीएल, म्हणजे 'वाईट' म्हणतात ते कोलेस्टेरॉल, अनेकदा मोजलं जात नाही, काढलं जातं. 1972 मधलं फ्रीडवाल्ड सूत्र सांगतं की एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल, म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल वजा करा, शिवाय ट्रायग्लिसराइड या रक्तातल्या चरबीचा पाचवा भाग वजा करा. एकूण 200, एचडीएल 40, ट्रायग्लिसराइड 150 असेल तर एलडीएल 130. आता प्रयोगशाळेने मिलिमोल स्वीकारले आणि सगळी एककं नीट बदलली, फक्त सूत्रातला 5 तसाच राहिला, तर? मिलिमोलमध्ये तिथे 2.2 हवा. तो बदलला नाही तर याच माणसाचं एलडीएल 3.37 ऐवजी 3.8 येतं, म्हणजे जुन्या भाषेत 130 चं 147. आकडा इतका सभ्य दिसतो की कुणाला शंकाही येत नाही. 14 पोटॅशियम निदान ओरडून सांगतं, हे गप्प राहतं. शिवाय ट्रायग्लिसराइड 400 मिलिग्रॅमच्या वर गेलं की हे सूत्र वापरायचंच नसतं; तिथे एलडीएलची जागा मोकळी सोड, हेही सॉफ्टवेअरला सांगावं लागतं.

रेंजचंही तसंच. वाढत्या मुलांची हाडं अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम भरपूर सोडतात. मोठ्यांची रेंज त्यांना लावली तर धडधाकट पोरं लाल अक्षरांत छापून येतील.

मग यंत्रं जोडायची. यंत्र आणि संगणक यांच्यातल्या निरोपांना ठरलेली भाषा असते. आरोग्य माहितीच्या देवघेवीसाठी एचएल7 हे मानक 1987 पासून घडत आलं. तपासण्यांच्या नावांचा घोळ मिटावा म्हणून 1994 मध्ये लॉइंक ही संकेतसूची सुरू झाली. भाषा ठरलेली असली तरी उच्चार यंत्रागणिक बदलतात. एखादं यंत्र थायरॉइडच्या तपासणीतलं टीएसएच "<0.01" असं पाठवतं. हे चिन्ह वाटेत गळलं तर "मोजता येणार नाही इतकं कमी" याचं "नेमकं 0.01" होतं. म्हणून चाचणी नेहमीच्या गुळगुळीत आकड्यांवर करून भागत नाही. शून्य पाठवा, अफाट मोठा आकडा पाठवा, चिन्हवाला पाठवा, लांबलचक शेरा पाठवा. आणि स्क्रीनवर नीट दिसलं म्हणून टाळ्या पिटू नका, डॉक्टरच्या हातात पडणारा रिपोर्ट छापून बघा. शेऱ्याची शेपटी बऱ्याचदा तिथेच कापली जाते.

नव्या प्रणालीचं मोठं आकर्षण म्हणजे आकडे आपोआप मंजूर होणं. नियमात बसणारे निकाल थेट बाहेर, संशयास्पद तेवढे माणसापुढे. रात्रपाळीच्या त्या टेक्निशियनला आता बैठकीत बसवायला हवं, कारण नियम तिच्याकडे आहेत: पोटॅशियम खूप जास्त आणि त्याच नमुन्यात कॅल्शियम खूप कमी, तर थांबव. जीव धोक्यात असल्याचे आकडे, ज्यांची कल्पना अमेरिकी पॅथॉलॉजिस्ट जॉर्ज लुंडबर्ग यांनी 1972 मध्ये मांडली, ते कुणाला कळवायचे आणि फोन उचलला नाही तर पुढे काय, हेही तिला विचारा.

तिच्याकडची आणखी एक युक्ती, जुन्या निकालाशी ताडून बघणं. लाल रक्तपेशी सुमारे 120 दिवस जगते, त्यामुळे पेशींचं सरासरी आकारमान सोमवारी एक आणि बुधवारी भलतंच असं होत नाही. मध्ये रक्त चढवलेलं नसेल आणि तरीही आकडा उडी मारत असेल, तर लेबल चुकून दुसऱ्याच माणसाचं रक्त आलं असण्याची शंका घ्यायची. ही तपासणी म्हणजे डेल्टा चेक.

ती चालायला मात्र जुने निकाल लागतात. नवी प्रणाली सुरू झाल्याच्या पहाटे तिच्या लेखी प्रत्येक रुग्ण जन्मात पहिल्यांदा आलेला असतो. जुने निकाल आणले नाहीत तर ताडायला काही नाही; आणले पण एककं न बदलता आणले, तर निम्म्या रुग्णांवर खोटी घंटा वाजते आणि दुपारपर्यंत लोक न वाचताच ती बंद करायला शिकतात.

एवढं करूनही एखाद्या रात्री सर्व्हर बसेल. त्या रात्रीसाठी कोरे फॉर्म आणि आधीच छापलेल्या बारकोडची गुंडाळी कपाटात ठेवायची. त्यांची क्रमांकमाला प्रणालीने इतर कुणाला देता कामा नये, नाहीतर सर्व्हर उठल्यावर एकाच क्रमांकाच्या दोन ट्यूब निघतील. गुंडाळी कुठल्या खणात आहे, हे खणावरच मोठ्या अक्षरांत लिहा.